हेर्लेनच्या आजींना आभारपत्र

आदरणीय आजी,

सादर नमस्कार.

समोर असताना मी तुम्हाला डच रीतीने 'मेव्राव', म्हणजे 'बाई', म्हणत आलो; पत्रात मात्र मनातले नाव वापरतो. माझ्यामागून युरोपचे राजकारण आणि समाज शिकायला येणाऱ्या मुलामुलींनीही वाचावे म्हणून हे मराठीत लिहिले आहे. तुम्हाला मी ते डचमध्ये वाचून दाखवीनच.

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या विद्यापीठात व्याख्यानांपेक्षा छोट्या गटांतील चर्चेवर भर असतो. पहिले कित्येक आठवडे मी त्या चर्चेत गप्प बसून होतो. १९५१ चा पॅरिस करार, त्यावर सह्या करणारे सहा देश, त्यातून जन्मलेल्या युरोपीय कोळसा आणि पोलाद समुदायाची रचना हे सारे मला पाठ होते. पण एकेकाळी डच समाज कॅथलिक, प्रोटेस्टंट, समाजवादी अशा 'स्तंभां'त विभागलेला होता म्हणजे रोजच्या जगण्यात काय होते, हे पुस्तकातून उमगत नव्हते. एका संध्याकाळी कॉफी ओतताना तुम्ही सांगितलेत, की वडिलांची कामगार संघटना कॅथलिक, घरी येणारे वर्तमानपत्र कॅथलिक, तुमची शाळाही कॅथलिक, आणि पलीकडच्या गल्लीतल्या प्रोटेस्टंट मुलीकडे खेळायला जाण्याची तुम्हाला मुभा नव्हती. दुसऱ्या दिवशी मी वर्गात प्रथमच बोललो.

खाणींविषयीचे ऋण याहून मोठे आहे. १७ डिसेंबर १९६५ रोजी आर्थिक व्यवहार मंत्री योप डेन आउल यांनी तुमच्याच हेर्लेनमध्ये लिम्बुर्ग प्रांतातल्या कोळसा खाणी बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. देशाच्या उत्तरेकडील ग्रोनिंगेनच्या नैसर्गिक वायूपुढे आणि तेलापुढे इथला कोळसा परवडेनासा झाला होता, एवढे मीही लिहू शकलो असतो. त्या रात्री तुमचे वडील न जेवता संत बार्बराच्या, म्हणजे खाणकामगारांच्या रक्षणकर्तीच्या, मूर्तीसमोर बराच वेळ उभे होते, हे मात्र फक्त तुमच्याकडूनच कळू शकत होते. शेवटची खाण १९७४ च्या अखेरीस बंद झाली आणि १९७६ मध्ये मास्ट्रिख्टला विद्यापीठ स्थापन झाले. खाणींवाचून पोरक्या झालेल्या प्रांताला आधार मिळावा, हाही त्यामागचा एक हेतू होता. मी रोज ज्या वर्गात बसत होतो, त्याचा तुमच्या घराशी असा संबंध होता.

माझे बाबा चंद्रपूरजवळच्या कोळसा खाणीत कामाला आहेत, हे ऐकल्यावर तुम्ही पाळी किती तासांची, धुळीने खोकला होतो का, असे बारकाईने विचारलेत. बेकार झालेल्या खाणकामगारांना नवे काम शिकवण्यासाठी पॅरिस करारात मदतीची तरतूद होती. प्रबंधाला तोच विषय घ्यावा, हे त्याच बोलण्यात ठरले. त्यासाठी तुम्ही वडिलांची जुनी पत्रे काढून दिलीत आणि मला न लागणारे हस्ताक्षर भिंग घेऊन ओळ न् ओळ वाचून दाखवलेत.

येत्या ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, प्रबंधाची प्रत घेऊन येतो. बाबांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

आपला कृतज्ञ,
वरच्या खोलीतला भाडेकरू