तिसऱ्या अपत्याच्या अटीबाबत ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

स. न. वि. वि.

१२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्या व्यक्तीस ग्रामपंचायत सदस्यत्वासाठी अपात्र ठरवणारी तरतूद रद्द करावी, या मागणीसाठी हे पत्र आहे.

पाणी आणि जमीन मर्यादित असताना मूल जन्माला घालण्याआधी विचार करावा, हे मला मनापासून पटते. आम्ही उभयतांनी एका मुलीवर थांबायचे ठरवले ते त्याच विचाराने. मात्र हा निर्णय आमचा होता, आणि तो उमेदवारी अर्जाच्या छाननीत तपासण्याचा विषय आहे असे मला वाटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) राज्याचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुले, १.७ आहे, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहण्यास लागणाऱ्या २.१ च्या बराच खाली. तेव्हा ही अट आता नेमके काय रोखते?

आमच्या जिल्ह्यात तिची दुसरी बाजू अधिक बोचते. २००१ च्या जनगणनेत कोल्हापुरात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या, २०११ मध्ये ८६३. मुलगा हवाच, असे मानणाऱ्या घरात दोनाची मर्यादा आली की पहिल्या मुलीनंतरच्या गर्भावर संशयाची नजर पडते. शिवाय निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असताना, तिसऱ्या बाळंतपणाचा निर्णय सासरच्यांनी घ्यायचा आणि सदस्यत्व मात्र सुनेचे जायचे, हा कुठला न्याय? शस्त्रक्रियेचा भारही तिच्यावरच असतो: याच सर्वेक्षणात देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली आढळली, तर पतीच्या नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के होते.

संसाधनांचाच प्रश्न असेल, तर नदीतून उपसून उसाच्या सरीत मोकळे सोडलेले पाणी आधी मोजावे. (मीही शेतकरी कुटुंबातली आहे, हे गावात बोललेले कुणाला रुचत नाही.) शहरातल्या दोन गाड्यांच्या, एकुलत्या एका मुलाच्या घरापेक्षा ऊसतोड मजुराचे तिसरे मूल पृथ्वीला जड होते, असे मानायला मला कोणताही आधार दिसत नाही.

आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये अशीच अट काढून टाकली. त्यासोबत तिथे अधिक मुले होऊ देण्याचे जे आवाहन झाले, ते मला अजिबात मान्य नाही; जोडप्याला शासनाने ना रोखावे, ना भरीस घालावे. येत्या अधिवेशनात दुरुस्ती विधेयक मांडावे आणि पुरुष नसबंदीच्या प्रचाराची जबाबदारी ग्रामपंचायतींवर सोपवावी, ही विनंती.

कळावे,
आपली,
करवीर तालुक्यातील एक मतदार