गुणतक्त्याच्या शेवटच्या पाच ओळीही छापा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या सोमवारच्या क्रीडा पानावर इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा गुणतक्ता येतो, तो पहिल्या सहा, फार तर आठ संघांपर्यंत येऊन थांबतो आणि त्याखाली जाहिरात सुरू होते. जागेची अडचण मला समजते. शाळेत शारीरिक शिक्षण शिकवण्यात उमर गेली असल्यामुळे वार्षिक अंकात खेळाच्या वाट्याला किती पाने येतात, हे मी जवळून पाहिले आहे. परंतु वीस संघांच्या या स्पर्धेत दरवर्षी शेवटचे तीन संघ खालच्या श्रेणीत जातात, आणि ते तीन कोण, याचा निकाल पुष्कळदा विजेता ठरल्यानंतरही लागलेला नसतो. तो निकाल आपल्या वाचकाला आपल्या पानावर सापडत नाही, ही माझी तक्रार आहे.

रविवार, 28 मे 2023 ची रात्र बहुतेकांना अहमदाबादच्या पावसामुळे आठवत असेल. आयपीएलचा अंतिम सामना काही केल्या सुरू होईना, आणि आमच्या टिळकवाडीतल्या घरात शेजारपाजारची धरून दहा-बारा माणसे टीव्हीवर मैदानातले आच्छादन बघत बसली होती. माझा भाचा तेवढा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून, प्रीमियर लीगमधला एव्हर्टन आणि बोर्नमथ यांचा सामना बघत होता. त्याच्या मांडीवर चौकटीची वही होती आणि तीत त्याने हंगामभराचा तक्ता पेन्सिलने मांडलेला होता. पेन्सिलने अशासाठी, की दर आठवड्याला खोडावे लागे. हंगामाच्या त्या शेवटच्या दिवशी एव्हर्टनचे 33 गुण होते, लेस्टर आणि लीड्स यांचे प्रत्येकी 31, आणि तिघांपैकी एकच वाचणार होता. तिकडे लेस्टरने 34 व्या मिनिटाला वेस्ट हॅमवर गोल केला, तेव्हा दोघांचे गुण सारखे होऊन गोलफरकामुळे, म्हणजे केलेल्या आणि झालेल्या गोलांतल्या अंतरामुळे, एव्हर्टन अठराव्या जागी घसरले. पोराने काही न बोलता वहीतले नाव खोडून रेघेखाली लिहिले. त्याच्या मामीने वाढलेले ताट तसेच निवत राहिले. पुढची तेवीस मिनिटे, म्हणजे 57 व्या मिनिटाला एव्हर्टनच्या दुकुरेने पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी आलेला चेंडू जाळ्यात धाडेपर्यंत, 1954 पासून सलग पहिल्या श्रेणीत खेळणारा तो क्लब कागदोपत्री खाली गेलेला होता. त्यानंतर पंचांनी वाया गेलेल्या वेळाच्या भरपाईची दहा मिनिटे दिली. ती दहा मिनिटे त्या घरात ज्याने पाहिली, त्याला फुटबॉल म्हणजे काय हे मी वेगळे समजावून सांगायला नको. विजेतेपद मँचेस्टर सिटीने त्याच्या आठ दिवस आधीच निश्चित केले होते. त्या पहिल्या जागेविषयी शेवटच्या रविवारी कुणाचा श्वास अडकण्याचे कारण उरले नव्हते.

हा निकाल त्या एका गोलाचा होता, असे मात्र समजू नये. एव्हर्टनने आघाडीपटू रिशार्लिसनला उन्हाळ्यातच विकलेले, कॅल्व्हर्ट-लुइन हा मुख्य आघाडीपटू सारखा जायबंदी, पहिल्या सहा सामन्यांत एकही विजय नाही, अशी त्या हंगामाची सुरुवात होती. जानेवारीत प्रशिक्षक लॅम्पार्ड यांना काढून शॉन डाइश यांना आणले आणि त्यांच्या पहिल्याच सामन्यात तेव्हा अव्वल असलेल्या आर्सेनलला 1-0 ने हरवले. तरीही संघ तळाशीच घुटमळत राहिला. 38 सामन्यांत मिळून गोल झाले अवघे 34. मग हा संघ वाचला कशाने? वहीतले आकडे पाहिले की उत्तर मिळते. एव्हर्टनने सामने जिंकले 8, लेस्टरने 9. अधिक सामने जिंकणारा लेस्टर 34 गुणांवर खाली गेला आणि कमी जिंकणारा एव्हर्टन 36 गुणांवर राहिला, कारण विजयाला तीन आणि बरोबरीला एक गुण मिळतो, आणि एव्हर्टनच्या बरोबऱ्या 12 होत्या, लेस्टरच्या 7. चेल्सीच्या मैदानावर 89 व्या मिनिटाला सिम्सने केलेला गोल, टॉटनहॅमविरुद्ध अखेरच्या मिनिटाला कीनने लांबून मारलेला फटका, वुल्व्ह्सच्या मैदानावर भरपाईच्या नवव्या मिनिटाला येरी मिनाने साधलेली बरोबरी, हे सगळे एकेका गुणाचे धन होते. आपल्याकडे बरोबरीची बातमी 'सामना अनिर्णित' एवढ्या दोन शब्दांत उरकतात. पण तळाच्या संघाच्या घरी तो एक गुण महिनाअखेरीच्या पैशासारखा मोजून ठेवलेला असतो.

आणखी एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. 1 मे 2023 रोजी एव्हर्टन आणि लेस्टर हेच दोन संघ लेस्टरच्या मैदानावर समोरासमोर होते. लेस्टर 2-1 ने पुढे असताना मध्यंतराच्या तोंडावर त्यांना पेनल्टी मिळाली. मॅडिसन फटका मारणार होता. एव्हर्टनचा गोलरक्षक पिकफर्ड याच्या पाण्याच्या बाटलीवर कुठला खेळाडू कुठे मारतो याची टिपणे चिकटवलेली होती, आणि मॅडिसनच्या नावापुढे मधोमध उभे राहण्याची सूचना होती. तो जागचा हलला नाही, चेंडू त्याच्याच हाती आला आणि सामना पुढे 2-2 असा सुटला. तो गोल होऊन लेस्टर जिंकले असते, तर बाकी सारे निकाल तसेच धरता शेवटच्या दिवशी लेस्टरचे 36 आणि एव्हर्टनचे 35 गुण झाले असते. मी निवृत्त झाल्यानंतर ज्या मुलांना संध्याकाळी लेले मैदानावर शिकवतो, त्यांना रोनाल्डोच्या उड्यांची चित्रफीत न दाखवता या बाटलीची गोष्ट सांगतो. 2016 साली इंग्लंडचे विजेतेपद मिळवलेले लेस्टर सात वर्षांनी खाली गेले, हेही सांगतो.

आता आपल्या देशाकडे वळतो, कारण क्रीडा पानाने हा विषय उचलण्याचे खरे कारण येथे आहे. फुटबॉलची इंडियन सुपर लीग 2014 साली सुरू झाली आणि तिच्या पहिल्या दहा हंगामांत तळाला राहिल्यामुळे एकही संघ खालच्या श्रेणीत गेला नाही. 2021-22 चा विजेता हैदराबाद 2023-24 मध्ये 22 पैकी एकच सामना जिंकून शेवटी आला, आणि पुढच्या हंगामात त्याच लीगमध्ये खेळला. ज्या संघाला खाली जाण्याची धास्तीच नाही, त्याने फेब्रुवारी-मार्चचे सामने कशासाठी जिवाच्या आकांताने खेळावेत आणि आम्ही ते कशासाठी बघावेत? याउलट चोर्ला घाट उतरला की ज्याचे सामने आम्ही गोव्यात फातोर्ड्याला जाऊन पाहत होतो, त्या धेंपो क्लबचे उदाहरण घ्या. पाच वेळा राष्ट्रीय विजेता झालेला हा क्लब 2014-15 मध्ये आय-लीग या राष्ट्रीय साखळी स्पर्धेतून खालच्या श्रेणीत गेला. त्याच हंगामात पुण्याचा भारत एफसी गुणतक्त्यात धेंपोच्याही खाली होता. पण नव्याने थेट प्रवेश मिळालेल्या संघाला घसरणीपासून सूट होती, म्हणून तो वाचला. वाचून काय साधले? त्या एकाच हंगामानंतर तो संघ बंद झाला. धेंपोने पुढच्याच वर्षी आय-लीगची दुसरी श्रेणी जिंकली, नंतर त्यांनी माघार घेतली हे खरे, परंतु 2024 मध्ये दुसऱ्या श्रेणीतून पात्र ठरून ते पुन्हा आय-लीगमध्ये आले.

विरुद्ध बाजूही आहे आणि ती मी झाकून ठेवणार नाही. 1996-97 च्या पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता फगवाड्याचा जेसीटी 2011 मध्ये खाली गेला आणि त्याच वर्षी मालकांनी संघ मोडला. इंग्लंडमध्ये पहिल्या श्रेणीतल्या शेवटच्या संघालाही दहा कोटी पौंडांहून अधिक रक्कम मिळते आणि खाली गेल्यावरही काही वर्षे ठरावीक पैसा येत राहतो. आपल्याकडे असा आधार नाही, म्हणून मालक बिथरतात. तेव्हा घसरणीचा नियम हवा आणि घसरलेल्या क्लबला दोन हंगाम तग धरता येईल एवढी तरतूदही हवी. नियम टाळून क्लब जगतो, हे मात्र भारत एफसीकडे पाहिल्यावर मला पटत नाही.

बेळगावच्या मुलांशी याचा संबंध काय, असे कुणी विचारील. आमच्या मुलांच्या वाट्याला येतात त्या बहुतेक बाद पद्धतीच्या स्पर्धा. मी शिकवत असताना एका वर्षी सबंध पावसाळा चिखलात सराव केलेला आमचा संघ पहिल्याच सामन्यात पेनल्टीवर हरला, आणि गोलरक्षक पोरगा बूट हातात धरून अनवाणी घरी गेला. त्याचा हंगाम एका तासात संपला होता. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा उभे राहून एक गुण मिळवायचा असतो, हे त्याला शिकवायला मला सामनाच उरला नव्हता. सीमेवरच्या आपल्या भागात निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या संघांची दोन श्रेणींची साखळी स्पर्धा घ्यावी, वरच्या श्रेणीतले शेवटचे दोन खाली यावेत आणि खालचे पहिले दोन वर जावेत, अशी माझी संबंधितांना विनंती आहे. दहा-बारा रविवार, एक मैदान आणि पंचांचे मानधन, याहून फार खर्च तिला येऊ नये.

ते होईल तेव्हा होवो. आपल्याकडे मागणी लहान आहे: सोमवारच्या तक्त्यात पहिल्या पाच ओळींनंतर टिंबे देऊन शेवटच्या पाच ओळी छापाव्यात आणि अठराव्या क्रमांकाच्या वर एक रेघ ओढावी. जागा कमी पडल्यास विजेत्या संघाचे छायाचित्र दोन बोटे लहान करावे. भाच्याची वही माझ्याकडेच आहे. आपल्या क्रीडा विभागाला नमुना म्हणून हवी असल्यास कार्यालयात आणून देईन, मात्र काम झाल्यावर ती परत मिळावी, कारण तिच्या मागच्या पानांवर यंदाचा तक्ता चालू आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
टिळकवाडी, बेळगाव