मंत्रीसाहेब, त्या पेटीची किल्ली कुणाकडंय?

मा. शालेय शिक्षणमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
सोलापुरातनं एका आईचा नमस्कार.

मी अक्कलकोट रोडला पीसवर शाळेचे युनिफॉर्म शिवते. परवा शाळेतनं फोन आला, पोरगी प्रार्थनेला चक्कर येऊन पडली. मशीन तशीच सोडून पळाले, दिवसाचा रोजगार गेला तो गेलाच. दहावीला आहे ती. हिमोग्लोबिन निघालं 8.1, पाहिजे किमान 12. डॉक्टरबाईंनी विचारलं पाळीत किती पॅड लागतात, तर ही गप्प. रिक्षात म्हणाली, आई ते घाण रक्त असतंय ना, जेवढं जाईल तेवढं चांगलं.

हे तिला मीच सांगितलेलं साहेब. मला माझ्या आईनं. ते साधं रक्त आणि गर्भाशयाचं आतलं अस्तर असतंय, घाणबिण काही नाही, हे मला चाळिशीत कळलं!

दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये तिसरा धडा त्याचाच आहे की ओ. वर्गात काय झालं, तर "हे घरी वाचा". हिनं प्रश्न विचारला तर "आईला विचार". आई आठवी शिकलेली.

निळी लोहाची गोळी वाटता दर आठवड्याला, उपकार तुमचे. पण चहाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही, शी काळी झाली तर घाबरायचं नाही, एवढं सांगायला काय बजेट लागतं? आमच्याकडं चहा-बटरबरोबरच गोळी जायची. वर्गातल्या निम्म्या पोरींनी शी काळी बघून गोळ्या गटारात टाकल्या म्हणे. मग राज्यात शंभरातल्या चोपन्न बायकांना रक्त कमी असं सरकारचाच 2019-21 चा सर्व्हे सांगतो, त्यात नवल काय.

मास्तर इलेक्शन ड्युटीला, नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, शाळेच्या बाथरूमला तर तेही नाही, पाळी आली की पोरी दुपारीच घरी, आणि सात रस्त्याला बघावं तिकडं डॉक्टरकीच्या नीट परीक्षेच्या क्लासचे बोर्ड, बायोलॉजीची फी लाखात. म्हणजे डॉक्टर व्हायचं असेल त्यानंच शरीर शिकायचं, बाकीच्यांनी चक्कर येऊन पडायचं, असंच ना?

आणि गेल्या वर्षी तुमच्या खात्याचे साहेब आले होते, आरोग्य प्रश्नपेटी लावली, नारळ फोडला, फोटो काढले, दर महिन्याला लेडी डॉक्टर येऊन पेटी उघडणार म्हणाले. एक बाई फिरकली नाही. काल बघून आले, पेटीला तोच हार, वाळून काथ्या झालेला, आणि कुलूप. मुख्याध्यापक म्हणतात किल्ली केंद्रप्रमुखांकडं, केंद्रप्रमुख म्हणतात शाळेतच असेल बघा.

किल्ली शोधा, नाहीतर मी कारखान्यातला हातोडा घेऊन येते. कारण त्यात माझ्या पोरीची चिठ्ठी आहे, ऑगस्टमध्ये टाकलेली. काय लिहिलंवतंस विचारलं तर म्हणाली, "मॅडम, मला दर तासाला पॅड बदलायला लागतंय, सगळ्यांनाच असं असतं का?"

— युनिफॉर्म शिवणारी एक आई, सोलापूर