जुन्नरच्या सिस्टरांना एक जाहीर थँक्यू

सिस्टर, नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "बास झालं आता, चहा घे" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. दुसरं कारण म्हणजे माझ्यासारखी पुण्या-मुंबईहून गावी परत आलेली बरीच मंडळी आता जुन्नरमध्ये आहेत आणि त्यांच्या घरी शनिवार उजाडला की काय होतं ते मला चांगलं माहितीये. त्यांनीही वाचावं. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही, पण जिथे तुम्ही नर्स म्हणून फिरलात त्या वरच्या डोंगरातल्या गावांत नुसतं "सिस्टर" म्हणलं तरी लोकांना कळतंच कोण ते.

बाबा गेल्यावर आई एकटी पडली, माझं काम लॅपटॉपवरचं, ते कुठूनही होण्यासारखं, म्हणून आम्ही पुण्यातला फ्लॅट भाड्याने देऊन इकडे आलो. सोमवार ते शुक्रवार काही वाटायचं नाही, मीटिंगा, पोरीची शाळा, आईची औषधं, दिवस निघून जायचा. शनिवार आला की मात्र घर खायला उठायचं. पोरगी विचारायची आज कुठे जायचं, आणि माझ्या डोक्यात यायचं ते पुणेच, म्हणजे ९० किलोमीटर जायचं, तिथे मॉलमध्ये फिरायचं, नाशिक हायवेच्या ट्रॅफिकमध्ये अडकत रात्री परत यायचं. आणि हे सगळं कुठे, तर गच्चीवर उभं राहिलं की समोर शिवनेरी दिसतो अशा गावात!

तुम्ही आईचं बीपी बघायला यायचात तेव्हा हे ऐकलं असणार. एकदा मशीनचा पट्टा गुंडाळता गुंडाळता सहज म्हणालात, "रविवारी घाटघरला चाललेय, एकीच्या नातवाला बघायला, येते का? पोरीलाही घे." बस, एवढंच. तुम्ही लेक्चर दिलं असतं ना, गावाकडं कसं छान असतं, निसर्ग वगैरे, तर मी आले नसते. पण तुम्ही कामाला निघाला होतात आणि सोबत चल म्हणालात, त्याला नाही म्हणता आलं नाही.

घाटघरजवळचा नाणेघाट, कोकणात उतरणारी ती जुनी खिंड, मी त्याआधी पाहिला होता, गाडी लावून, फोटो काढून. तुमच्याबरोबर पाहिला तो वेगळाच. गुहेत पोरीला आधी भिंतीवरची ब्राह्मी अक्षरं दाखवलीत, सातवाहनांची राणी नागनिका, तिने केलेले यज्ञ, त्यात दान दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, नाणी, सगळा हिशोब दगडात कोरलाय आणि त्यात आकडेसुद्धा आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीचे. मग मागच्या भिंतीशी तिला खाली बसवून म्हणालात, आता इथे बघ. तिथे राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, वर प्रत्येकाचं नाव कोरलेलं, आणि आता मूर्ती गेल्या, राहिलीत ती फक्त पावलं. पोरगी कितीतरी वेळ त्या पावलांच्या खुणा बोटाने हवेतल्या हवेत गिरवत होती, हात लावायचा नाही हे तुम्ही आधीच बजावलेलं. बाहेर तो जकातीचा दगडी रांजण. त्यात जकातीचे पैसे टाकायचे असं आपण सगळे ऐकत आलोय, पण तुम्ही त्यापुढची गोष्ट सांगितलीत, की खाली कोकणातून माल वर चढवणारा माणूस या खिंडीतून बाहेर आला की पहिल्यांदा त्याला सपाटी दिसायची, तो इथे टेकणारच, म्हणून जकात इथे. घाट चढून आलेलं माणूसच असं बोलू शकतं.

आणि तुम्ही किती चढल्यात ते मला हळूहळू कळत गेलं. तुमच्या नोकरीच्या दिवसांत यातल्या कित्येक वाड्यांना रस्ताच नव्हता. आरोग्य उपकेंद्रातून तो निळा लसीचा डबा खांद्याला लावायचा, आत चार आइसपॅक, आणि आतला बर्फ वितळायच्या आत शेवटच्या वाडीतलं शेवटचं बाळ गाठायचं. पावसाळ्यात ओढा भरला की पलीकडून कोणीतरी दोर टाकायचं. तुम्ही हे सांगता तेव्हा आवाज जराही चढत नाही, जणू भाजी आणायला गेल्याची गोष्ट. पण मला आता कळलं तुम्ही अशा का चालता, एका लयीत, मध्ये न थांबता, चढावर पाऊल लहान करून आणि उतारावर तोंडाने न बोलता. माझी पोरगी आता तशीच चालते! चढावर मी धापा टाकत बसले की मागे वळून मलाच म्हणते "पाऊल लहान कर आई".

चावंड किल्ल्याचा दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो. खडकात कोरलेल्या त्या अरुंद उंच पायऱ्या, एका बाजूला दरी, रेलिंग आहे तरी माझ्या पोटात गोळा आलेला आणि पोरीच्या चेहऱ्यावरही दिसत होतं. तुम्ही तिला "घाबरू नको" असं एकदाही म्हणाला नाहीत. तिच्या एक पायरी खाली उभं राहून म्हणालात, मी इथेच आहे, तू फक्त पुढची पायरी बघ, आणि तीन पायरी झाल्या की मला सांग. तीन झाल्या, मग अजून तीन. दरवाजाशी पोचल्यावर तिला वरचा कोरलेला गणपती दाखवलात. वर सप्तमातृकांची ती सात टाकी, खडकात खोदलेली, पाणी भरलेली, तिथे बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला. एवढ्या उंचावर माणसं राहायची तर पाण्यासाठी आधी दगड फोडत बसायची, हे तिने शाळेत जाऊन सगळ्या वर्गाला सांगितलंय. बाईंनी फोन करून विचारलं, कुठे जाता तुम्ही सुट्टीला.

पण खरं सांगू का, किल्ले, लेणी हे सगळं पुस्तकात, मोबाईलवर मिळतं. तुम्ही जे दिलंत ते माणसांचं आहे. तुम्ही गावात शिरलात की एकेक दार उघडतं, आणि तिशीतले बाप्ये पाया पडतात, ज्यांना पहिली सुई तुम्ही टोचलेली. हिरड्याच्या सीझनला गेलो होतो तेव्हा अंगणभर बाळहिरडा वाळत घातलेला, हिरवा काळा होत चाललेला, आणि एक आजी पायाने तो परतत होती. मी मोबाईल काढला तसं तुम्ही हळूच हात धरून म्हणालात आधी विचार, आणि विचारायच्या आधी बस. बसले. मग आजीनेच सांगितलं की ही झाडं आम्हा महादेव कोळी आदिवासींची बँक आहे, भात फक्त खाण्यापुरता होतो, रोख पैसा येतो तो यातून, लग्न, दवाखाना, पोरांची फी सगळं. भाव पडला की वर्षाचं गणित कोसळतं. फाटा सोडून वर गेलं की दुतर्फा दिसणारी ती झाडं मला याआधी नुसती "हिरवळ" वाटायची. आता मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये सुद्धा हिरड्याच्या भावाची बातमी बघते.

बिबट्याचं पण तुमच्यामुळेच शिकले. गावी परतल्यावर मला रात्री खिडकी उघडी ठेवायची सुद्धा भीती वाटायची, रोज कुठल्या ना कुठल्या गावाची बातमी. तुम्ही ना घाबरवलंत ना "काही होत नाही" म्हणालात. नियम सांगितलेत. अंधार पडायच्या आत डांबरी रस्त्याला लागायचं, उसाच्या कडेने पोरांना पुढे पळू द्यायचं नाही, शेताच्या बांधावर वाकून बसायचं नाही कारण बसलेला माणूस त्याला छोटं जनावर वाटतो, आपसात मोठ्याने बोलत चालायचं. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राच्या रस्त्याने जाताना पोरीला समजावलंत की धरण आलं, पाणी आलं, ऊस आला, आणि उसात बिबट्याला घर मिळालं, त्याची यात काय चूक. एवढं सोपं करून मला कोणी सांगितलं नव्हतं.

बाकी वीकेंड किती सांगू. पूर गावच्या कुकडेश्वराच्या देवळात गेलो, आपली कुकडी तिथून निघते, मंदिराच्या दगडावरचं कोरीव काम बघत अख्खी दुपार गेली. लेण्याद्रीला गणपतीचं दर्शन घेऊन खाली न पळता शेजारचा बौद्ध चैत्य दाखवलात. दुर्गवाडीच्या पठारावर सप्टेंबरात सोनकीची फुलं, नजर पोचेल तिथवर पिवळं. विज्ञान दिनाला २८ फेब्रुवारीला खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला, ३० अँटेना, एकेक ४५ मीटरची, आणि हे आपल्या नारायणगावच्या पलीकडे, टोमॅटोच्या शेतांमध्ये! पोरीला आता शास्त्रज्ञ व्हायचंय, मागच्या महिन्यापर्यंत कंडक्टर व्हायचं होतं. दोन्हीला माझी हरकत नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून लिहायचीये. २०१८ मध्ये जुन्नर पर्यटन तालुका जाहीर झाला, २०२५ मध्ये शिवनेरी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, चांगलंच झालं, आपल्या पोरांना काम मिळेल. पण पावसाळ्यातल्या रविवारी नाणेघाटात वाऱ्याने पाणी वर उडणारा उलटा धबधबा बघायला जी गर्दी होते, गाड्यांच्या काचा खाली करून गाणी लावतात, कड्याच्या टोकावर जाऊन रील काढतात, बाटल्या तिथेच टाकतात, ते बघून जीव तुटतो. तुम्ही त्यावर कधी कोणाशी भांडला नाहीत. पिशवी काढता आणि वाकून उचलायला लागता. मग बघणारे दोघं-तिघं आपोआप उचलायला लागतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मला वाटतं पावसाळ्यात रविवारी तिथे जाऊच नये, शनिवारी सकाळी लवकर जावं किंवा सरळ दिवाळीनंतर जावं, तेव्हा कड्यावरून खाली कोकण स्वच्छ दिसतं आणि घाटघरमध्ये कोणाच्या तरी घरी जेवायला सांगून ठेवलं तर दोन पैसे त्या घरात जातात. नव्याने गावी आलेल्यांना माझा हाच आग्रह आहे, हॉटेल नका शोधू, घर शोधा. आदल्या दिवशी फोन करा, किती माणसं ते सांगा.

आईबद्दल पण लिहायलाच हवं. तिला डोंगर चढता येत नाही, पण आम्ही निघालो की ती भाकऱ्या करून देते आणि आलो की सगळं विचारते, कोण भेटलं, त्यांच्या घरी काय चाललंय, नाचणी कशी झाली. बाबा गेल्यानंतर ती कितीतरी महिने कोणाची चौकशीच करत नव्हती. मागे तुम्ही कुकडेश्वरला तिला गाडीतून मुद्दाम नेलंत, पायऱ्या कमी आहेत म्हणून. तिथे तिला माहेरच्या गावची बाई भेटली आणि दोघी मंडपात बसून इतकं बोलल्या की आपल्याला निघायला उशीर झाला. सिस्टर, त्या दिवसाचे आभार मी कसे मानू मला कळत नाही. बाकी सगळं एकीकडे आणि ते एकीकडे.

आता कामाचं. तुमचा गुडघा दुखतोय आणि तुम्ही लपवताय हे आईने ओळखलंय. सोमवारी नारायणगावच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीये, गाडी मी आणते, नाही म्हणायचं नाही. ते काय म्हणतात बघू, मग हडसर किल्ल्याचं ठरवू, आणि चढ जमणार नसेल तर खाली गावात बसायचं, तिथेही तुमच्या हातची सुई घेतलेली माणसं असतीलच. आणि ती वह्यांची गोष्ट विसरू नका, कुठल्या वाडीला कुठली पायवाट, कुठला झरा उन्हाळ्यात आटत नाही, हे सगळं तुम्ही सांगायचं आणि मी टाईप करायचं असं ठरलंय. पोरगी नकाशा काढणार आहे. तिने रंगीत पेन्सिली पण आणून ठेवल्यात.

तुमची,
शेजारच्या गल्लीतली