नातीच्या बाप्तिस्म्याविषयी

शहापूर, बेळगाव

चि. बाळास,
प्रभूमध्ये सलाम आणि आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, पोरीचा बाप्तिस्मा एवढ्यात कशाला? मोठी होऊ दे, तिचं तिला कळू दे." तेवढ्यात तुझ्या आईनं डिंकाच्या लाडवांचा विषय काढला आणि उत्तर राहून गेलं. म्हणून लिहितोय.

तुझं म्हणणं वेडगळ नाही. बॅप्टिस्ट मंडळी हेच मानतात आणि वचनाचा आधारही दाखवतात. पण आपण मेथडिस्ट. इथं लंडन मिशननं १८२० साली काम सुरू केलं, १९०४ साली ते मेथडिस्टांकडं आलं, आणि आपल्या घरात तान्ह्या पोरांचाच बाप्तिस्मा होत आलाय. तरीही रीत आहे म्हणून कर, असं मी म्हणणार नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय काढ. येशू बाप्तिस्मा घेऊन यार्देन नदीतून वर येतो आणि आकाशातून देवबापाची वाणी होते, हा माझा पुत्र, मला परमप्रिय, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. आता बघ, तोवर येशूनं केलं काय होतं? एक आंधळा बरा केला नव्हता, डोंगरावरचं प्रवचन दिलं नव्हतं, एक शिष्य जमवला नव्हता. नासरेथातला सुतार, एवढीच ओळख. पुढच्याच अध्यायात सैतान येतो आणि सुरुवात कशी करतो? "तू देवाचा पुत्र असशील तर" या धोंड्यांच्या भाकरी करून दाखव. बापानं जो पुरावा मागितलाच नाही, तो हा मागतो. मत्तय मी लहानपणापासून ऐकतोय, पण हे दोन अध्याय एकमेकांना लागून का आहेत ते तू झाल्यावर कळलं.

नर्सनं तुला माझ्या हातात दिलं तेव्हा तू तांबडालाल, सुरकुतलेला, पापण्या चिकटलेल्या. माझं बोट घट्ट धरलंस. मला ओळखून नाही हं, कुणाचंही धरलं असतंस. मी मात्र त्या घटकेला तुझा बाप झालो, तू काहीएक न करता.

आपल्याकडं पोरांचं कौतुक दहावीच्या निकालाला टांगलेलं. ६२५ पैकी किती, त्यावर पेढे वाटायचे की दार लावून बसायचं ते ठरतं. गल्लीत दर वर्षी बघतच होतास तू. असला बाप पोराला रोज 'पुत्र असशील तर'च ऐकवत असतो. शिस्त नको असं नाही. प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षा करतो, असं इब्रीकरांस पत्रात आहेच. पण तिथंही आधी नातं आहे, मग छडी.

आणखी एक, हे जरा अवघड आहे. योहान ३:१६ मी साबथ शाळेत पाठ केला होता, झोपेतही म्हणेन. तुला न्यूमोनिया झाला तेव्हा सलाइन लावलेला तुझा हात धरून बसलो असताना तेच वचन मनात आलं, देवानं जगावर एवढी प्रीती केली की त्यानं 'आपला एकुलता एक पुत्र दिला', आणि मला घाम फुटला. मी तुला कुणासाठीही दिलं नसतं. जग राहू दे बाजूला, एखाद्या भल्या माणसासाठीसुद्धा नाही. देवाची प्रीती म्हणजे आईबापाची माया, फक्त मोठी, असं लोक सहज बोलून जातात. मला ते पटत नाही. माझी माया जिथं अडते, तिथून त्याची पुढं जाते, आणि तिथलं मला पाळकसाहेबांनी कितीही समजावलं तरी पुरतं उमगत नाही.

तर पोरीला काही कळत नाही, हेच तर माझं कारण. तिनं देवाला ओळखायच्या आधी त्यानं तिला आपली म्हटलं, हे आपण मंडळीसमोर कबूल करायचं. मोठी झाली की तिचा विश्वास तिनं पत्करावा. दृढीकरणाचा विधी त्यासाठीच असतो. आत्ता वचन द्यायचंय ते तुम्हा दोघांनी. म्हणून सूनबाईशी नीट बोल. तिच्या मनात नसेल तर थांबू, मी रुसणार नाही.

यायचं ठरलं तर पावसात नको, खानापूरकडून नुसता धो-धो पडतोय. गणपतीतही नको, गाड्यांना जागा मिळत नाही. त्यानंतरचा कुठलाही रविवार कळव, पाळकसाहेबांना आधी सांगावं लागतं. आणि पोरीचं माप पाठव. तुझी आई अंदाजानं झबलं शिवते आणि परत उसवते.

तुझा,
बाबा