मशीनचा रंग राहू द्या, वायरचा रंग बघा

महोदय,

आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीत लॉन कापायचे नवे मशीन घ्यायचे घाटते आहे. जुने गंजून बसले. तीन कोटेशने आली आहेत, मेंटेनन्सच्या खात्यात पैसे आहेत, म्हणजे खरे तर काम सरळ. पण गेल्या सभेत जी चर्चा रंगली ती किमतीवर नाही, पात्यावर नाही, गॅरंटीवरही नाही. ती मशीनच्या रंगावर.

नारिंगी मशीनचा फोटो पुढे आला तेव्हा एक सभासद म्हणाले, गेटवरून सरळ दिसणार, लोक त्याला भगवे म्हणणार, उगाच कशाला चर्चा. मग हिरवे सुचवले, तर दुसरे नुसते खाकरले. निळ्यावर उघड कोणी काही बोलले नाही, पण हातही वर केला नाही. लाल म्हणताच मागून आवाज आला, ‘बावटा कोण धरणार?’ काळ्याला एका बाईंनी शनीचे कारण देऊन निकालात काढले. पिवळे मशीन जेसीबीसारखे दिसते म्हणून गेले. हसावे की रडावे ते कळेना. नवरात्रात कोणत्या दिवशी कोणता रंग ते तुम्ही वर्तमानपत्रवाले छापता, ते मी समजू शकतो; त्यात लोकलच्या लेडीज डब्याला मजा येते आणि कुणाचे बिघडत नाही. पण हजारोंची यंत्रसामग्री घेताना तोच हिशेब लावायचा?

सभेत मला बोलायला मिळाले नाही. म्हणून हे पत्र. आमचा अनुभव इतर सोसायट्यांच्या कमिट्यांनाही उपयोगी पडेल, कारण पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या गच्चीवर, लॉन करायची हौस आता बोरिवलीपासून चेंबूरपर्यंत सगळीकडे आहे.

मी या विषयावर का बोलतो ते सांगतो. मी मूळचा गिरणीतला. लालबागला एका गिरणीत फिटर होतो. कापड विणून आले की त्यावर सुटे धागे, गाठी, फुसफुशीत तंतू राहतात. ते कापायला आमच्याकडे क्रॉपिंग मशीन असायचे. एका रुळावर पीळ दिलेली पाती, खाली एक स्थिर पट्टी, मधून कापड जाणार. रूळ फिरला की पाते आणि पट्टी यांच्या चिमटीत तंतू कापला जातो, कापडाला धक्का लागत नाही. त्या दोहोंतली फट कागदाच्या जाडीने चुकली तरी एक तर तंतू राहतो, नाहीतर ताका फाटतो. १९८२ च्या जानेवारीत संप झाला. पुढचे सर्वांना माहीत आहे. मी फिरत फिरत मरीन लाइन्सच्या एका जिमखान्यात मशीन दुरुस्तीला लागलो. पहिल्या दिवशी मला मैदानावरचे गवत कापायचे मशीन उघडायला दिले आणि आत बघतो तर पीळ दिलेली पाती, फिरता रूळ, खाली स्थिर पट्टी. माझेच मशीन, फक्त चाकांवर!

हा योगायोग नव्हता, हे पुढे कळले. इंग्लंडात स्ट्राउड म्हणून लोकरीच्या गिरण्यांचा भाग आहे. तिथल्या एडविन बडिंग नावाच्या माणसाने लोकरी कापडाची लव कापणारे यंत्र पाहिले आणि तेच गवतावर चालवले. १८३० साली त्याने पेटंट घेतले. ओतीव लोखंडाचे, १९ इंच रुंदीचे, ढकलायला जड. त्याआधी हिरवळ बहुधा लांब दांड्याच्या विळ्याने कापत. पेटंटच्या कागदात त्याने असेही लिहून ठेवले आहे की बागवाले सद्गृहस्थ स्वतः हे चालवतील तर त्यांची करमणूक होईल आणि व्यायामही. आमच्या कमिटीतल्या सद्गृहस्थांनी ही करमणूक अजून केलेली नाही. मशीनला हात लावणारा एकच माणूस आहे, आमचा माळी, जव्हारकडचा. त्याला सभेला बोलावले नव्हते. मी खाली जाऊन विचारले तर म्हणाला, ‘काका, रंग कुठलाबी आणा, पण ती वायर बदला.’

त्याच्या या एका वाक्यात सभेतल्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त अर्थ होता.

आमचे जुने मशीन विजेवरचे. पोडियमच्या खांबावर प्लग, तिथून लांब एक्स्टेन्शन वायर. ती वायर कोणीतरी बागेला शोभेल अशी हिरवी आणली होती. हिरव्या गवतात हिरवी वायर! माळी मशीन ढकलत पुढे जातो, वळतो, वायर मागे कुठे पडली ते त्याला दिसत नाही, आणि पाते वायरवरून जाते. मागच्या वर्षी गेलेच. फट् आवाज झाला, खालचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा डबा, पडला आणि माणूस वाचला. ३० मिलीअँपियरवर तुटणारा तो डबा खाली बसवलेला नसता तर मी आज रंगाबद्दल लिहीत नसतो, वेगळ्याच गोष्टीबद्दल लिहीत असतो. कमिटीने काय केले? कापलेल्या ठिकाणी इन्सुलेशन टेप गुंडाळली. टेपही हिरवीच होती.

वायर नारिंगी घ्या. नाहीतर भडक पिवळी. लोहार चाळीत कुठल्याही दुकानात मीटरवर मिळते, जाड रबरी वेष्टणाची, तीन तारांची मागा. हिरवी नको, काळीही नको, कारण संध्याकाळी झाडाच्या सावलीत काळी वायर तितकीच गायब होते. लालही मी टाळतो. ज्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही अशी माणसे, विशेषतः पुरुष, आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त असतात आणि त्यांतल्या अनेकांना स्वतःलाही ते ठाऊक नसते. आणि गवत ओले असेल तर विजेचे मशीन काढूच नये, मग वायर सोन्याची का असेना. जून ते सप्टेंबर मुंबईत ओले नसलेले गवत कधी मिळते, हा प्रश्न योग्य आहे. म्हणूनच मी पेट्रोल किंवा बॅटरीच्या बाजूने आहे.

पेट्रोलचे घेतले तर रंग आणखी कामाचे होतात, आणि ते कॅटलॉगमध्ये दिसत नाहीत. ढकलायचे मशीन बहुतेक फोर-स्ट्रोक असते, त्यात साधे पेट्रोल आणि तेल वेगळे. पण कडेचे, कुंपणाजवळचे गवत कापायला माळी जो खांद्यावर अडकवायचा ब्रश कटर वापरतो, तो पुष्कळदा टू-स्ट्रोक असतो. त्याला पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळून द्यावे लागते. या तेलात मुद्दाम रंग घातलेला असतो, कुठे लाल, कुठे निळा, कुठे हिरवा. तो शोभेसाठी नाही. कॅनमधले पेट्रोल मिसळलेले आहे की कोरे, ते एका नजरेत कळावे म्हणून. कोरे पेट्रोल ब्रश कटरमध्ये गेले तर तेल न मिळाल्याने पिस्टन जॅम होतो आणि दुरुस्तीचा खर्च नव्या मशीनच्या जवळ जातो. तेव्हा पेट्रोलचे कॅन दोन ठेवा, वेगवेगळ्या रंगांचे, आणि पारदर्शक बाटलीत थोडे ओतून उजेडात धरून बघायची सवय माळ्याला लावा. आमच्याकडे दोन्ही प्रकारचे पेट्रोल एकसारख्या पाण्याच्या बाटल्यांत भरून पंप रूममध्ये ठेवलेले होते. त्यावर सभेत एक शब्द निघाला नाही.

आता सायलेन्सरकडे बघा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे, आधी एअर फिल्टर काढून झटका, गवताच्या भुशाने तो भरलेला सापडेल. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे. एक तर तेल मापापेक्षा जास्त भरले किंवा मशीन कोणीतरी आडवे टाकले. टू-स्ट्रोकमध्ये थोडा निळा धूर असायचाच. डिपस्टिकवरचे तेल मधासारखे असेल तर ठीक, काळे झाले तर बदला, आणि दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. पावसाळ्यात मशीन उघड्यावर ठेवणाऱ्या सोसायट्यांना हे दुधाळ तेल हमखास बघायला मिळते. इंजिनाचा स्पार्क प्लग काढून टोक बघा: फिकट तपकिरी म्हणजे इंजिनाची तब्येत चांगली, काजळी म्हणजे मिश्रण दाट, पांढरे पडले असेल तर मशीन तापते आहे. जिमखान्यात आमच्या वरिष्ठांना मशीन सुरू करून दाखवायची गरज नसे. ते प्लग हातात घेत आणि कोणत्या माळ्याने चालवले तेही सांगत. (हे शेवटचे थोडे चढवून सांगतो आहे, पण थोडेच.)

आणि गवताचा रंग. कापल्यावर दुसऱ्या दिवशी खाली वाकून गवताच्या पात्यांची टोके बघा. सरळ कापलेली आणि हिरवी असतील तर धार आहे. फाटलेली, पांढुरकी, मग तपकिरी पडलेली दिसली तर मशीन गवत कापत नाही, फाडते. लांबून अख्खे लॉन करपल्यासारखे दिसते, मग सोसायटी खत आणते, पाणी वाढवते, माळ्याला बोलते. मशीनच्या पात्याला धार लावून घेतली की काम होते. दुसरे एक कारण असते: आठवडाभर पावसाने अडवले म्हणून गवत हातभर वाढू द्यायचे आणि मग एका दमात भादरायचे. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, हा नियम हरळीलाही लागू आणि कार्पेट ग्रासलाही. त्याहून जास्त कापले की खालची पिवळी खोडे उघडी पडतात.

मशीनच्या पत्र्याचा रंग अगदीच बिनमहत्त्वाचा आहे असे मी म्हणत नाही. कंपन्यांचे रंग ठरलेले आहेत. जॉन डिअरचा हिरवा-पिवळा, हुस्कवार्नाचा नारिंगी, होंडाचा लाल. ती त्यांची ओळख, तिचा आपल्या गवताशी संबंध नाही. पण एका ठिकाणी रंग खरोखर काही सांगतो. बॉशची घरगुती वापराची हत्यारे हिरवी असतात, कारागिरांची निळी, आणि हिरव्याची १८ व्होल्टची बॅटरी निळ्याला बसत नाही. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनकडे निळे ड्रिल असेल आणि त्याच बॅटऱ्यांवर लॉनचे मशीन चालेल या हिशेबाने हिरवे आणाल, तर फसाल. इथे रंग विचारा. बाकी लाल प्लॅस्टिक गच्चीवरच्या उन्हात गुलाबी होते, ते होऊ द्या.

पत्र्यावर रंग कोणता यापेक्षा तो कुठे लावला आहे ते बघावे. दुकानात मशीन उलटे करायला सांगा. विक्रेता कुरकुर करेल, करू द्या. वरून आरशासारखे चकचकीत आणि खालून कसेबसे एक हात मारलेले, असे मशीन मुंबईच्या खाऱ्या हवेत टिकत नाही, कारण ओल्या गवताचा लगदा खालीच चिकटतो आणि गंज तिथूनच खातो. आमचे जुने वरून अजून नवे दिसते. खालून बोट आरपार जाते.

आणि दांड्याची पकड सोडून बघा. पाते किती वेळात थांबते? अमेरिकेत १९८२ पासून ढकलायच्या घरगुती मशीनना नियम आहे की हात सुटला की ३ सेकंदांत पाते थांबले पाहिजे. आम्ही संपावर होतो ते साल, म्हणून माझ्या लक्षात राहिले. आमच्या तीनपैकी एका कोटेशनमधल्या मशीनला अशी पकडच नाही, नुसता चालू-बंदचा खटका आहे, आणि तेच सर्वांत स्वस्त असल्याने सर्वांत पुढे आहे. आमचा माळी स्लिपर घालून काम करतो. बूट आणि चष्मा यांचे पैसे अंदाजपत्रकात नाहीत, ते घाला.

पुढच्या रविवारी पुन्हा सभा आहे. माझी मागणी एवढीच की तिन्ही मशीन विक्रेत्यांकडून एकेक तास मागवा, पोडियमच्या पायऱ्यांवरून माळ्याला ती उचलून न्यायला सांगा, वायरचे नसेल ते ओल्या कोपऱ्यात चालवायला सांगा आणि तो म्हणेल ते घ्या. ब्रश कटरसाठी दोन रंगांचे कॅन लागतील आणि भिंतीच्या कडेच्या छोट्या ट्रिमरसाठी वायर लागेलच, तो विजेचाच आहे. ती मी स्वतः लोहार चाळीतून आणून देतो, नारिंगी. पावती मात्र खजिनदारांना देणार आहे, आणि पैसे घेतल्याशिवाय उठणार नाही.

आपला,
एक निवृत्त फिटर
मुलुंड (पूर्व), मुंबई