स्वीकारणे वेगळे, लावणे वेगळे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या अंकात मुंबईतल्या एका सोसायटीच्या झेंडावंदनाचे छायाचित्र आले होते. सफारीतले एक गृहस्थ, छातीवर पदकांची रांग आणि खाली ओळ, ‘परदेशी किताबाने सन्मानित माजी सैनिक’. छायाचित्र झकास आहे. ओळीतला एक शब्द मात्र चुकला आहे, आणि मला शंका आहे की रांगेतले एक पदकही.

आधी शब्दाचे बघू. राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाचा मथळाच ‘किताब नष्ट करणे’ असा आहे. भारताच्या कोणत्याही नागरिकाला परक्या राज्याचा किताब घेता येत नाही. आपले सरकारसुद्धा लष्करी आणि विद्याविषयक मान सोडले तर कोणाला किताब देऊ शकत नाही. किताब म्हणजे इंग्रजांच्या काळातले ते ‘सर’ नि ‘रावबहादूर’, नावाला चिकटणारे. पदक नावाला चिकटत नाही. भारतरत्न आणि पद्म पुरस्कारांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा १९९५ साली न्यायालयाने हेच सांगितले की हे किताब नव्हेत, पण म्हणूनच नावाच्या मागेपुढे लावू नका. तेव्हा त्या गृहस्थांना खरेच किताब मिळाला असेल तर तो घटनेत बसत नाही. पदक मिळाले असेल तर विचारायचे असते ते वेगळेच.

मी पायदळातून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होतो, गोमा शहराजवळ. तिथे नव्वद दिवस भरले की पदक मिळते. मेडल परेड होते, फोर्सचे मोठे साहेब येऊन ते छातीवर लावतात, रात्री बडा खाना. पदकाच्या मागे ‘शांततेच्या सेवेत’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द कोरलेले असतात. परेड संपल्यावर आमच्या हेडक्लार्कने काय केले, तर पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचा लेखी हुकूम काढला. आज माझ्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे निवृत्त सैनिकाच्या सेवापुस्तकात, त्या पदकाची नोंद आहे, आणि माझ्या लेखी ती नोंद हेच खरे पदक. नोंद नसेल तर तो बिल्ला. शांतिसेनेत सरकारनेच धाडलेले असते, त्यामुळे या पदकाला कोणाची ना नसते. पण एखाद्या देशाने आपल्या जवानाला किंवा अधिकाऱ्याला पदक देऊ केले, तर केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय ते घेता येत नाही. त्याच अठराव्या अनुच्छेदात असेही आहे की सरकारी पदावरच्या माणसाने परक्या राज्याकडून भेट, मोबदला किंवा पद घ्यायचे तर राष्ट्रपतींची संमती हवी.

लोकांना हा सैनिकावरचा अविश्वास वाटतो. आमच्या चाळीतल्या एका कॉलेजच्या पोराने मला तोंडावर विचारले, ‘‘काका, मर्दुमकी तुमची, मग परवानगी कसली?’’ त्याला मी आमच्या शिक्षण हवालदार उस्तादांनी सांगितलेली गोष्ट सांगितली. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचा एक सरदार, थॉमस अरुंडेल, तुर्कांशी लढायला हंगेरीत गेला. तिथल्या बादशहाने खूश होऊन १५९५ मध्ये त्याला काउंट हा सरदारकीचा किताब दिला. घरी परतला तो राणीने थेट कैदेत टाकला. माझ्या मेंढरांवर दुसऱ्याचा शिक्का नको, असे ती म्हणाली म्हणतात. उस्ताद सातारचे, घरी धनगरकी, त्यामुळे ही गोष्ट ते फार रंगवून सांगत.

पण परवानगीतही दोन पायऱ्या असतात, आणि गोंधळ होतो तो इथेच. घ्यायची परवानगी म्हणजे लावायची परवानगी नव्हे. १९९१ च्या आखाती युद्धानंतर सौदी अरेबिया आणि कुवेतने पदके काढली. ब्रिटिश सैनिकांना सांगण्यात आले, घ्या, घरी ठेवा, गणवेशावर लावू नका. मलेशियाने स्वतःच्या भूमीवर १९५७ ते १९६६ मध्ये सेवा केलेल्यांसाठी पदक काढले, तेव्हाही २००६ मध्ये ब्रिटनने तेच केले. एका कामगिरीला दोन पदके नकोत, असा त्यांचा दंडक. गंमत अशी की त्याच मोहिमेतले ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे म्हातारे तेच पदक लावून मिरवत होते. शेजारी उभ्या ब्रिटिश म्हाताऱ्यांचे खिशात! त्यांनी वर्षानुवर्षे भांडून शेवटी लावायची परवानगी मिळवली. मला त्यांचे भांडण पटते. पण परवानगी येईपर्यंत ज्यांनी खिशातच ठेवले, ते मला जास्त पटतात.

आपल्याकडची चांगली उदाहरणे छापायची तर नेपाळचे घ्या. १९५० मध्ये लष्करप्रमुख करिअप्पांना नेपाळी सैन्याचे मानद जनरलपद मिळाले, तेव्हापासून आपल्या लष्करप्रमुखांना ते देण्याची रीत आहे. २०२० मध्ये पुण्याच्या नरवणे साहेबांना मिळाले, २०२२ मध्ये नागपूरच्या पांडे साहेबांना. नेपाळच्या सेनापतीला आपण तसाच मान देतो. देणारे राष्ट्र, घेणारेही राष्ट्रच. मुंबईच्या वाचकांना जवळचे नाव हवे तर मेजर राधिका सेन. आयआयटी मुंबईत शिकताना त्या सैन्यात गेल्या आणि काँगोतल्या कामासाठी २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला.

साध्या नागरिकाचे वेगळे. पाकिस्तानने १९९८ मध्ये दिलीपकुमारांना निशान-ए-इम्तियाज हा नागरी सन्मान दिला आणि पुढच्याच वर्षी कारगिल झाले. परत करा म्हणून मुंबईत केवढा गदारोळ उठला होता! ते पंतप्रधान वाजपेयींना भेटले आणि त्यांनी सन्मान ठेवला. ते बरोबर की चूक, यावर आमच्या नाक्यावर अजून भांडणे होतात. पण तो निर्णय त्यांना घेता आला. गणवेशातल्या माणसाला तेवढीही मोकळीक नाही, नसावीही.

(माणगावात ज्यांचा पुतळा आहे त्या यशवंत घाडगे यांचा १९४४ चा व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक, परदेशी का, असे कोणी विचारील. दिला तेव्हा राज्यच इंग्रजांचे होते. तो हिशेब निराळा.)

आता छायाचित्रातल्या रांगेकडे. रीतीप्रमाणे आपल्या देशाची पदके आधी, छातीच्या मध्याकडून, आणि परदेशी सगळ्यात शेवटी, डाव्या दंडाच्या बाजूला. या गृहस्थांचे चकचकीत परदेशी पदक सगळ्यांच्या आधी आहे, सैन्यसेवा पदकाच्याही पुढे. ज्याने एकदा जरी लष्करी हुकमाप्रमाणे पदक लावले आहे, त्याचा हात असा चुकत नाही. अलीकडे पैसे भरले की ‘आंतरराष्ट्रीय’ पदक आणि सोबत फीतही देणाऱ्या खासगी संस्था निघाल्या आहेत. मलाही एकीचा फोन आला होता. कुरिअरचा खर्च वेगळा, म्हणाले.

मी त्या गृहस्थांवर आरोप करत नाही. त्यांच्याकडे कागद असेलही. आपल्या वार्ताहराने त्यांना इतकेच विचारावे, पदक कोणी दिले, लावायला मंजुरी कोणाची आणि डिस्चार्ज बुकात नोंद आहे का. माझी नोंद पाहायची असेल तर दुपारी चारनंतर मी घरीच असतो.

आपला,
एक निवृत्त नायब सुभेदार, काळाचौकी, मुंबई